सूतवाल्या शेठना कारखाना लिहून देऊ का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमान अचानक गेले, मृत्युपत्र नाही. त्यांनी स्वतः उभा केलेला चार मागांचा कारखाना त्यांच्याच नावावर आहे. सुताचे व्यापारी 9 लाखांची बाकी सांगतात आणि म्हणतात, "कारखाना लिहून द्या, वर 2 लाख घ्या." जागेचा भाव तुम्ही 22 लाख कळवलाय. म्हणजे शेठना ती 11 लाखांत, निम्म्या किमतीत पडते. लिहून देऊ नका.

सासूबाई म्हणतात, विधवेचा हक्क मरेपर्यंतचाच. इंग्रजांच्या काळात, 1937 च्या कायद्याने ते तसंच होतं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तुमचा हिस्सा पूर्ण तुमचा झाला. पण तो चौथा हिस्सा आहे. उरलेले तीन सासूबाईंचे, मुलाचे आणि मुलीचे. मुलगी 14 वर्षांची, तिचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. तुमच्या एकटीच्या सहीने शेठना निर्वेध जागा मिळणारच नाही. बोलणी इथून सुरू करा.

आता शेठच्या हिशेबाची ती चिठ्ठी. फोटो मोठा करून पाहिला. पक्क्या बिलांचे 4,10,000, व्याज 1,50,000 आणि मधोमध "मागील बाकी 3,40,000", त्याला ना तारीख ना बिल नंबर. मला खटकतो तो हाच आकडा. उधारीच्या दाव्याची मुदत साधारण 3 वर्षं असते. मुदत संपण्याआधी तुम्ही कबुलीपत्रावर सही केलीत, तर ती नव्याने सुरू होते. म्हणून खातेउतारा आणि बिलं ताडून पाहीपर्यंत कशावरही सही नको, पाच हजारांचा चेकही नको.

पक्की बिलं मात्र फेडा. ते सूत आपल्या मागावर विणलं गेलंय, आणि उद्या मजुरीचं काम याच पेठेतून मिळवायचंय. यजमानांच्या कर्जाची जबाबदारी त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुमच्या पाटल्या स्त्रीधन आहेत. शेठनी त्या मागितल्या हे वाचून वाईट वाटलं. त्या द्यायच्या नाहीत. विम्याचे कागद काढून बघा. पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढलेली असेल, तर त्या पैशाला यजमानांचे सावकार हात लावू शकत नाहीत. तो पैसा मुलांच्या शिक्षणाला ठेवा.

माझा प्रस्ताव असा: बिलांची रक्कम खरी निघाली तर 60,000 आत्ता आणि उरलेले 3,50,000 दरमहा 7,000 प्रमाणे 50 महिने, बिनव्याजी. शेठनाही चालू माग हवेत, हप्ता मजुरीतून वळता करायला ते तयार होतील असं मला वाटतं. करारात फक्त 4,10,000 हाच आकडा येऊ द्या, मागील बाकीचा उल्लेखही नको. शेवटच्या हप्त्याला 'बाकी नाही' असं लेखी घ्यायचं, हेही त्यातच लिहा. मसुदा वकिलाला दाखवा.

आणि बोलणीला सासूबाईंना सोबत न्या. चौथा हिस्सा त्यांचाही आहे.