जुन्या भाजल्याच्या व्रणातली जखम: एक बायोप्सी निर्दोष आली, तरी दुसरी का?

तुम्ही लिहिलंत की तुमच्या वडिलांची पोटरी लहानपणी भाजलेली. त्या चट्ट्यात पाच महिन्यांपासून जखम आहे आणि ड्रेसिंग करूनही ती भरत नाही. पहिल्या बायोप्सीत 'कर्करोग नाही' असं आलं, आता दुसरे सर्जन पुन्हा तुकडा काढू म्हणताहेत. माझं मत विचाराल तर त्यांचं ऐका. शस्त्रक्रिया विभागात तीस वर्षं काढली आहेत. अशा जखमेत मी रिपोर्टपेक्षा जखमेवर जास्त विश्वास ठेवतो.

जुन्या व्रणात उद्भवणाऱ्या कर्करोगाला मार्जोलिन अल्सर म्हणतात. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये व्रणातल्या अशा जखमांचं वर्णन केलं. गंमत म्हणजे त्याने त्यांना कर्करोग म्हटलंच नव्हतं. हे नाव अमेरिकन सर्जन दा कोस्टा यांनी १९०३ मध्ये रूढ केलं. बहुतेक वेळा तो स्क्वेमस सेल कार्सिनोमाच, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग असतो. भाजल्यापासून तो दिसेपर्यंत सरासरी तीस-एक वर्षं जातात, म्हणून 'इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार' हा युक्तिवाद इथे उलटा लागू होतो. हाडाच्या जुन्या जंतुसंसर्गातून वर्षानुवर्षं पू वाहणाऱ्या छिद्रातही तो होतो.

आता तुमचा खरा प्रश्न. एक बायोप्सी चुकू कशी शकते? जखमेच्या मधोमध बहुधा मृत पेशी आणि पू असतो. तिथला तुकडा घेतला तर रिपोर्टमध्ये 'दाह' एवढंच येतं. शिवाय बरेच दिवस चिघळलेल्या जखमेच्या कडेला त्वचेची साधी वाढही सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखी दिसते, आणि वरवरच्या तुकड्यात खरा कर्करोग साध्या वाढीसारखा. म्हणून तुकडे कडेचे, दोन-चार ठिकाणचे आणि खोलवरचे हवेत. कडा वर उचललेली, बाहेर वळलेली, कठीण लागत असेल, हात लागताच रक्त येत असेल, घाण वास येत असेल, तर संशय आणखी वाढतो.

तळपायाचा व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजे याच कर्करोगाचा चामखिळीसारखा दिसणारा प्रकार, तर याहून फसवा. कोबीच्या गड्ड्यासारखा वाढतो आणि लोक कुरूप म्हणून वर्षानुवर्षं तासत बसतात. नखाखालचा स्क्वेमस कर्करोगही तसाच फसवा: बुरशी किंवा चामखीळ म्हणून मलमं लावली जातात, आणि एक्स-रे काढेपर्यंत कधीकधी हाड खाल्लेलं असतं.

'चाकू लागला की पसरतो' ही भीती तुमच्या लिहिण्यातून जाणवली. बायोप्सीमुळे हा कर्करोग पसरत नाही. पसरतो तो उशिरामुळे. व्रणाच्या कठीण जागेत लसिकावाहिन्या कमी असतात, त्यामुळे तो काही काळ तिथेच अडकून राहतो असं मानतात. पण एकदा व्रणाबाहेर पडला की साध्या त्वचेच्या कर्करोगापेक्षा लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे जांघेतल्यासारख्या गाठींमध्ये, जास्त वेळा जातो.

बायोप्सीत निघालाच, तर? साध्या, कमी धोक्याच्या स्क्वेमस कर्करोगाभोवती चार ते सहा मिलिमीटर निरोगी त्वचा घेतली तरी सहसा चालतं. व्रणातल्या कर्करोगासाठी मात्र बहुतेक सर्जन दोन सेंटिमीटर तरी घेतात आणि खोलवर जातात. मोठी जागा उघडी पडते, ती त्वचारोपणाने झाकतात. हाड किंवा सांधा उघडा पडत असेल तर फ्लॅप, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आणलेला जाड तुकडा लागतो. पण कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत फ्लॅपची घाई मला कधीच पटली नाही. खाली काही उरलं असेल तर ते जाड फ्लॅपखाली दडून बसतं. पातळ रोपणाखाली पुन्हा उगवलं तर लवकर दिसतं.

पाय कापावा लागेल का, हे तुम्ही कंसात विचारलंय, पण मला वाटतं मुख्य प्रश्न तोच आहे. कर्करोग हाडात किंवा सांध्यात शिरला असेल, किंवा कापून निघेल अशी स्वच्छ कडच उरली नसेल, तेव्हा तो विचार होतो. म्हणून दुसऱ्या बायोप्सीबरोबर पोटरीचा एक्स-रे, गरज पडली तर एमआरआयसुद्धा करून घ्या.

पहिल्या बायोप्सीच्या स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि नव्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. तपासणीच्या फॉर्मवर 'भाजल्याचा जुना व्रण' हे शब्द लिहिलेत ना, तेही बघा. नुसतं 'पायाची जखम' लिहिलं की बघणाऱ्याचं डोकं त्या दिशेने जातच नाही. आणि वडिलांच्या त्याच बाजूच्या जांघेत हाताला गाठ लागते का, सर्जनने तपासलं का, तेवढं कळवा.