गॉलवेला येताय, तर मॉयरा गेगन-क्विन यांच्याबद्दल वाचा

तुम्हाला आयर्लंडच्या गॉलवे विद्यापीठात मारी क्युरी ही संशोधन फेलोशिप मिळालीय आणि घरचे म्हणतात, "कट्टर कॅथलिक देश, तिथे बाईचं काय चालणार?" इथे राहून सांगते: त्यांची भीती शिळी आहे, पण निराधार नव्हती. गॉलवेच्याच राजकारणी मॉयरा गेगन-क्विन यांची कारकीर्द बघा.

त्या आयर्लंडच्या पश्चिमेच्या कार्ना गावच्या, घरीदारी आयरिश बोलणाऱ्या भागातल्या. पेशाने शिक्षिका. खासदार वडील वारले आणि 1975च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी या निवडून आल्या. (घराणेशाही इथेही आहे, अगदी घरच्यासारखं वाटेल!) 1979 मध्ये त्या मंत्री झाल्या, तेव्हा देशाच्या पहिल्या महिला मंत्री कॉन्स्टन्स मार्केविच यांच्यानंतर थेट साठ वर्षांनी मंत्रिमंडळात बाई बसली. त्याआधी 1973 पर्यंत तर सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागे.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम 1993चं. न्यायमंत्री असताना त्यांनी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा ब्रिटिश काळातला कायदा रद्द केला. समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणारे डेव्हिड नॉरिस यांनी 1988 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयात या कायद्याविरुद्ध खटला जिंकल्यामुळे काहीतरी करणं भागच होतं. पण अर्धामुर्धा बदल करून वेळ मारून नेता आली असती. यांनी संमतीचं वय सगळ्यांना सारखंच, 17 ठेवलं. शेजारच्या इंग्लंडात तेव्हा समलैंगिक पुरुषांसाठी ते 21 होतं. पुढे 2017 मध्ये, मालवणजवळचं वराड ज्यांच्या वडिलांचं गाव, ते उघडपणे समलैंगिक असलेले लिओ वराडकर पंतप्रधान झाले.

1997 मध्ये बाईंनी आयरिश संसद सोडली. मग युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्स (युरोपियन युनियनचे हिशेब तपासणारी संस्था), आणि 2010 ते 2014 युरोपियन युनियनच्या संशोधन आयुक्त. संशोधनाला पैसा देणारा, सुमारे 80 अब्ज युरोंचा होरायझन 2020 कार्यक्रम त्यांच्याच काळात उभा राहिला. तुमची फेलोशिप त्याच्या पुढच्या, होरायझन युरोपमधली. ऐन मंदीत आयुक्तपदाच्या पगारावर जुन्या मंत्रिपदाचं पेन्शनही घेत होत्या. ओरड झाल्यावर सोडलं. ते लोक अजून विसरलेले नाहीत.

आणि हो, इथे मत देता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. संसदेसाठी मत नागरिकत्वानंतरच. पण स्थानिक निवडणुकीत भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं, उभंही राहता येतं. घर मिळालं की मतदार यादीत नाव घाला. मतपत्रिकेवर फुली नाही मारायची, पसंतीने 1, 2, 3 लिहायचं.