पोराचं गेटचं खूळ

पैठण तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलाला दहावीत ७१ टक्के. लातूरला अकरावी सायन्स आणि क्लास, असं घरात ठरलंय. पोरगं मात्र उन्हाळाभर कालव्याची गेटं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीमागं फिरलं आणि आता पत्र्याचं गेट करून घरच्या हौदाला बसवलंय. ‘हे खूळ कसं काढावं?’ असा प्रश्न आहे.

भाऊ, काढू नका, आधी तपासा. पाटी (पाणी अडवणारा पत्रा), खाचा (पाटी ज्यांत वर-खाली सरकते त्या), रबरी सील, पाटी उचलणारा आट्यांचा दांडा, त्यावरचा पितळी नट ही नावं त्याला पाठ असतीलच, त्यात विशेष नाही. विचारा, चाक फिरवल्यावर दांडा फिरतो की नट? कालव्याच्या बहुतेक गेटांत नट जागेवर फिरतो, दांडा न फिरता वर येतो. मग विचारा, उचलायला एवढा जोर का लागतो? ‘जड आहे म्हणून’ हे अर्धंच उत्तर. दहा मीटर खोल पाण्यात चौरस मीटरभर पाटीवर साधारण १० टन दाब येतो. तो पाटीला खाचेवर आवळून धरतो. खरी झुंज त्या घर्षणाशी असते.

आणि हौदाचं गेट गळतं का, हे तुम्ही लिहिलंच नाही! मी वर्कशॉप शिकवायचो तेव्हा एका गेटच्या सीलचे बोल्ट मीच जोशात जास्त आवळले. रबर लाटेसारखं वाकडं झालं, रात्रभर पाणी गळत राहिलं. तुमचं पोरगं गळती बघून नुसतं बोल्ट आवळतं, की सील काढून बघतं? काढून बघत असेल तर डोकं मेकॅनिकलचं आहे.

माझं मत : पॉलिटेक्निक, मेकॅनिकल डिप्लोमा, तीन वर्षं. आयटीआय फिटर दोन वर्षांचा. त्यानंतरही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण हात त्याचा आधीच चालतोय, कमी आहे ते ड्रॉइंग वाचणं आणि गणित. जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत, म्हणून तिथं नोकरी ठेवलेलीच आहे असं समजू नका. सरकारी भरतीचा भरवसा नाही, ठेकेदाराकडचं काम पावसाळ्याआधी जोरात आणि नंतर थंड. डिप्लोमा असला तर वाळूजच्या कारखान्यांची दारंही उघडी राहतात.

तोवर मिस्त्रीसोबत जाऊ द्या, पण गेटच्या खड्ड्यात उतरू देऊ नका. आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लातूरला जमा करण्याआधी पॉलिटेक्निकचा फॉर्म भरा.