पुण्याचा उच्चांक १८९७ सालचा, मग तापमानवाढीवर विश्वास कसा ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की शिवाजीनगरचा ४३.३ अंशांचा उच्चांक ३० एप्रिल १८९७ चा आहे आणि पावसाचे अंदाज चुकतात, तर २१०० सालचे आकडे संख्याशास्त्राच्या माणसाने खरे मानावेत का?

मी पुण्यात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. संशय घेणं आमचं कामच आहे, पण तो प्रत्येक आकड्यावर वेगळा घ्यावा लागतो. उच्चांक ही एका दुपारची नोंद. तिच्यावरून कल कळत नाही.

नोंदींवरचा संशय मात्र रास्त आहे. एकदा एका विद्यार्थिनीने पुण्याच्या एका जानेवारीचं सरासरी कमाल तापमान ३४.५ काढून आणलं. इथे ते तिसाच्या आसपास असतं. फाइल ओळीने तपासली, तर दोन तारखांपुढे ९९.९! त्या दिवशी नोंदच झाली नव्हती, आणि रिकाम्या जागी हा आकडा भरायची पद्धत होती. तिने तोही बेरजेत धरला होता. तेव्हापासून नवीन फाइल आली की मी आधी ९९.९ शोधतो.

शहर तापल्यामुळे आकडे फुगलेत का, ही शंकाही मला होती. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही नोंदींबद्दल अशाच शंका होत्या. त्यांनी संख्याशास्त्रज्ञांना सोबत घेऊन सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या आणि २०१२ पर्यंत जाहीरपणे मान्य केलं की वाढ खरी आहे, शहरांचा जागतिक सरासरीवरचा परिणाम नगण्य आहे. समुद्रही तापलाय, आणि तिथे डांबर नाही. एका वर्षाची उष्णता पुढच्या वर्षात उतरते, म्हणून शंभर वर्षं म्हणजे शंभर स्वतंत्र नोंदी होत नाहीत. ते धरून हिशेब केला तरी जागतिक वाढ पुसली जात नाही. भारतातली वाढ १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश आहे.

आता अंदाज. २००२ साली हवामान खात्याने मान्सून सरासरीच्या १०१ टक्के सांगितला होता, पडला ८१ टक्के. ते समीकरण सोळा घटकांच्या जुन्या सहसंबंधांवर उभं होतं. मोजक्या वर्षांच्या नोंदींना इतके घटक जोडले की मागचं छान जुळतं आणि पुढचं फसतं. हवामानबदलाची प्रारूपं, म्हणजे संगणकी मॉडेल्स, उष्णतेच्या जमाखर्चावर चालतात, त्यामुळे ते अपयश त्यांच्या माथी मारता येत नाही. पण त्यांच्याबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर किती तापेल, याचं १९७९ सालचं उत्तर दीड ते साडेचार अंश होतं. २०२१ चं अडीच ते चार. बेचाळीस वर्षांनीही एवढी फट! त्यात २१०० पर्यंत आपण किती कोळसा जाळू, हे कोणतंच समीकरण सांगत नाही.

आणि ‘२०५० साली पुण्यात इतके मिलिमीटर’ असलं काही मी मानत नाही. जागतिक प्रारूप पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. शंभर किलोमीटरच्या चौकोनात लोणावळा आणि पुणे एकत्र बसतात, आणि लोणावळ्याला पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. असा आकडा कुणी दाखवला तर चौकोन किती किलोमीटरचा, हे आधी विचारा.