आईची आठवण म्हणून नाशिकमध्ये भिंतीवर चित्र काढून घ्यावं का?

आई गेली, तिची आठवण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवायची आहे, पण लोकांना ते मिरवणं वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच वाटणार नाही. एकदा पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्यात जाऊन या. सातवाहन राणी गौतमी बलश्रीने आपल्या गेलेल्या मुलाचं, राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन तिथे कोरून घेतलंय; नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. त्यात पराक्रम आहेच, पण अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे आणि तो आईची सेवा करायचा, हेही आहे. मला तिथे राणी नाही, आईच दिसते. आणि ते लेणं तिने भिक्षूंना राहायला दिलं.

तुम्हीही नुसता फोटोवरचा चेहरा रंगवू नका. तिची एखादी सवय दाखवा, खाली कुणालाही टेकता येईल असा दगडी बाक करा. रंग उन्हापावसात उडतो. नाव मात्र काळ्या दगडात कोरून घ्या. भिंत महापालिकेची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, सोसायटीची असेल तर ठराव करून घ्या.