सिंगापूर-बालीच्या मधल्या तीन रात्री योग्याकार्ताला द्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मे महिन्यात पुण्याहून सिंगापूर आणि बाली असा दोन आठवड्यांचा बेत आहे. सोबत अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी. मधे तीन रात्री हाताशी आहेत आणि इंडोनेशियातलीच कोमोडो, गिली बेटं की जावा बेटावरचं योग्याकार्ता शहर यावर घरात एकमत होत नाहीये.

माझं उत्तर योग्याकार्ता. पण बालीहून तिथे जाऊन परत बालीला येऊ नका. सिंगापूरहून आधी योग्याकार्ता आणि तिथून बाली, असं जा. कुठे जायचं याच्याइतकाच हा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याचंच सांगते.

बाली ते योग्याकार्ता विमान दीड तासाच्या आतबाहेर पोचतं. ते वाचलं की वाटतं, चला, जवळच आहे. हिशोब मात्र हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा करायचा असतो. तुम्ही बालीत उबुदला राहणार असाल तर देनपसारला, म्हणजे बालीच्या विमानतळावर, यायलाच दीड तास धरा, गर्दी असली तर त्याहून जास्त. मग तिथे आधी पोचणं, सामान देणं, वाट बघणं. योग्याकार्ताचा नवा विमानतळ शहराच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर, कुलोन प्रोगोला आहे, म्हणजे उतरल्यावर पुन्हा तासभर. सगळं मिळून सहा-सात तास कुठेच गेले नाहीत. जाऊन-येऊन तीन रात्रींतला एक अख्खा दिवस प्रवासात संपतो. त्यात जावाचं घड्याळ बालीच्या एक तास मागे असतं, परत येताना तो तासही जातो. वाटेतच उतरलात तर सिंगापूर-बाली विमान तुम्ही एरवीही घेणारच होता, त्याच्या जागी दोन छोटी विमानं येतात, एवढाच फरक. आडवळणाच्या सहलीचं असंच असतं, ती मुख्य वाटेवर बसली तर पथ्यावर पडते, नाहीतर दोन्हीकडचा वेळ खाते.

सिंगापूरहून योग्याकार्ताला थेट विमान आहे, पण तुम्हाला हव्या त्या दिवशी ते असेलच असं धरून चालू नका. आधी ते बघा आणि सिंगापूरची रात्र एखादी पुढे-मागे करा. नाहीच जमलं तर जकार्तामार्गे जाता येतं, पण सासूबाई सोबत असताना विमान बदलण्याची दगदग शक्यतो टाळावी. व्हिसाच्या बाजूनेही हा क्रम सोयीचा आहे. इंडोनेशियाचा पर्यटक व्हिसा विमानतळावर उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो, पाच लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच-तीन हजार रुपये. तो योग्याकार्तालाच घेतला की पुढचं विमान देशातल्या देशातलं. बालीला उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. बालीचा स्वतःचा दीड लाख रुपियांचा पर्यटक कर मात्र वेगळा आहे, २०२४च्या फेब्रुवारीपासून लागू झालाय, तो ऑनलाइन भरून ठेवा. सिंगापूरला आपल्याला आधीच व्हिसा काढावा लागतो, तो इथूनच एजंटमार्फत करून घ्या.

आता उरलेल्या दोन जागा. कोमोडो सुंदर आहे, पण तिथली सगळी मजा बोटीवर आहे. पहाटे अंधारात उठायचं, होडीतून उड्या मारत उतरायचं, पादार बेटावर शेकडो पायऱ्या चढायच्या. तुमच्या घोळक्यातलं एक माणूस कायम बोटीत बसून राहील आणि दुसरं त्याच्यासोबत. ती सहल तुम्ही दोघं पुढे कधीतरी करा. गिली बेटांवर मोटारगाड्या नाहीत, घोडागाडीने फिरायचं, ते मुलीला आवडेल. पण तिथे मिळतो तो समुद्र, आणि समुद्र बालीत पोटभर मिळणारच आहे. तीन रात्री वेगळ्या काढायच्या तर बाकीच्या दिवसांत जे नाही ते बघावं, असं मला फार मनापासून वाटतं.

आणि योग्याकार्ताला जे आहे ते मराठी माणसाला जितकं कळेल तितकं फार थोड्यांना कळेल. आपण वेरूळ बघत मोठे झालोय. तिथल्या प्रंबानन या जुन्या देवळांच्या समूहात शिवमंदिरासमोर उभं राहिलं की नकळत कैलास लेण्याची तुलना सुरू होते. कैलास आठव्या शतकातलं, प्रंबानन नवव्या. इथल्या शिवगृहाचा उल्लेख असलेला शिलालेख ८५६ सालचा आहे. कैलास एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय, तर प्रंबानन काळ्या ज्वालामुखी दगडाचे चिरे एकावर एक रचून ४७ मीटर उंच नेलंय. म्हणूनच कैलास उभं राहिलं आणि हे भूकंपांनी कोसळलं. मूळ आवारात २४० देवळं होती. बहुतेक छोटी देवळं आजही चौकोनी दगडांचे ढीग होऊन पडलेली दिसतील. देऊळ पुन्हा उभारायचं तर त्याचे निदान पाऊण तरी मूळ दगड सापडले पाहिजेत, असा तिथला नियम आहे. मधलं शिवमंदिर असं जुळवत जुळवत १९५३ साली पुरं झालं. २००६च्या मे महिन्यातल्या भूकंपाने त्यालाही पुन्हा धक्का दिला. भिंतीकडे नीट पाहिलं तर कोरीवकामाच्या मधेच एखादा साधा, नक्षी नसलेला दगड दिसतो. तो नवा, हरवलेल्याच्या जागी बसवलेला. त्यावर मुद्दाम काही कोरलेलं नाही, जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते लपवलेलं नाही. मला हे फार भावलं.

शिवमंदिराच्या उंच पायऱ्या चढून गेलं की भोवती प्रदक्षिणेची वाट आहे आणि तिच्या कठड्याच्या आतल्या अंगाला रामायण कोरलंय. पूर्वेच्या दारातून वर जा आणि देऊळ उजव्या हाताला ठेवून, आपण प्रदक्षिणा घालतो तसंच चालत राहा, गोष्ट आपोआप पुढे सरकते. सुरुवातीला शेषावर बसलेला विष्णू आहे. मग जनकाच्या दरबारातलं धनुष्य, सीताहरण, जटायू, सुग्रीव. गाइड न घेतासुद्धा तुमच्या सासूबाई मुलीला अर्ध्याहून अधिक गोष्ट सांगू शकतील आणि त्यासाठीच ही जागा मी सुचवतेय. माझ्या आईने तिथे एकेक चौकट ओळखत अख्खी वाट पालथी घातली होती. सेतूच्या चौकटीपाशी जरा जास्त थांबा. वानर दगड समुद्रात टाकतायत आणि खाली मोठमोठे मासे ते दगड तोंडात धरून आहेत. आपल्या कीर्तनांत सेतू रामनामाने तरंगतो, इथे माशांचाही त्यात वाटा आहे. गोष्ट शिवमंदिरावर सेतूपर्यंत येते आणि पुढचं युद्ध शेजारच्या ब्रह्मदेवाच्या मंदिरावर आहे, तेव्हा पहिलं बघून परत फिरू नका. विष्णूच्या मंदिरावर कृष्णकथा आहेत.

शिवमंदिराच्या उत्तरेकडच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे. आत अंधार असतो, मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो. तिथले लोक तिला रोरो जोंगरांग म्हणतात. एका रात्रीत हजार देवळं बांध, मग लग्न करीन, अशी अट तिने एका राजपुत्राला घातली. एकच राहिलं तेव्हा गावातल्या बायकांना भात कांडायला लावून कोंबडे आरवतील असं केलं आणि त्याने चिडून तिला दगड केलं, अशी ही गोष्ट. अंबरनाथचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, ही गोष्ट आपल्याकडे आहेच. मुलीला दोन्ही गोष्टी तिथेच सांगा.

दुपारी तीनच्या सुमारास प्रंबाननला पोचा, ऊन उतरेपर्यंत देवळं बघा आणि रात्री तिथेच रामायणाचं नृत्यनाट्य पाहा. १९६१पासून ते चालू आहे. कोरड्या ऋतूत, साधारण मे ते ऑक्टोबर, ते उघड्या रंगमंचावर होतं आणि मागे दिवे लावलेली देवळं दिसत असतात. तुमचा मे महिना त्यात बसतो. खेळ आठवड्यातल्या ठरावीक वारीच असतो, म्हणून योग्याकार्ताच्या तीन रात्रींत तो वार येईल असं बघा. संवाद नाहीत, सगळं नाचातून आणि गामेलानच्या वाद्यांतून, त्यामुळे भाषेवाचून काही अडत नाही. लंकादहनाला रंगमंचावर खरोखरची आग पेटते.

बोरोबुदूर दुसऱ्या दिवशी, आणि सकाळी. शहराच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटर, गाडीने तास-दीड तास. जगातलं हे सगळ्यात मोठं बौद्ध स्मारक मानलं जातं: ५०४ बुद्धमूर्ती, वरच्या तीन गोल चौथऱ्यांवर जाळीदार ७२ स्तूप. खालच्या सज्जांत बुद्धचरित्र आणि जातककथा कोरल्यात. अजिंठ्याला ज्या भिंतीवर रंगवल्यात त्याच परंपरेतल्या. आता वर चढण्यावर बंधनं आहेत. रोज ठरावीक लोकांनाच, वेळ ठरवून, गाइडसोबत सोडतात आणि दगड झिजू नये म्हणून पायात घालायला विणलेल्या खास चपला देतात. परदेशी माणसाला चढण्याचं तिकीट साडेचार लाख रुपियांच्या वर आहे. नुसत्या आवाराचं तिकीट वेगळं मिळतं. पायऱ्या उंच आहेत आणि एका दमात वरपर्यंत जातात. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांचं आवाराचंच काढा, हिरवळीवरून अख्खं स्मारक दिसतं आणि बॅटरीवरच्या गाडीतून फिरता येतं. मेमध्ये आणखी एक सांभाळा. बुद्धपौर्णिमेला इथे मोठा सोहळा असतो आणि एरवीच्या पर्यटकांची अडचण होते. इंडोनेशियात तो दिवस काही वर्षी आपल्याहून वेगळा येतो, त्यामुळे कालनिर्णयवर विसंबू नका, तिथली तारीख बघा.

तिसरा दिवस शहराचा. सुलतानाचा वाडा म्हणजे क्रातोन, जवळच तामान सारीची जुनी स्नानगृहं, संध्याकाळी मालिओबोरो रस्ता. वाड्याजवळच्या सोनोबुदोयो संग्रहालयात संध्याकाळी वायांगचे, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचे छायाखेळ होतात. आपल्याकडे घटोत्कच हे महाभारतातलं मधलंच एक पात्र, जावात तो लाडका उडणारा वीर आहे. इंडोनेशियाने स्वतः तयार केलेलं प्रवासी विमान १९९५ साली पहिल्यांदा उडालं, त्याचं नाव गातोत्काचा ठेवलं होतं. महाभारताचं हे नातं पुण्याला नवं नाही. भांडारकर संस्थेने १९३३ साली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा जुन्या जावानीज महाभारताचाही आधार पाहिला होता. मेरापी ज्वालामुखीवरची जीपची सफर सगळे एजंट गळ्यात मारतील. ती पाठीला हादरे देणारी आहे, सासूबाईंना नको.

खाण्याचं. तुम्ही शाकाहारी आहात का ते लिहिलेलं नाही, असाल तर नीट ऐका. योग्याकार्ताचा मानाचा पदार्थ गुदेग, म्हणजे कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन्‌तास शिजवलेला, तपकिरी, गोडसर. कोकणातली फणसाची भाजी खाणाऱ्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. पण त्याच्यासोबत ताटात कोंबडी, अंडं आणि गाईच्या कातडीचा क्रेचेक नावाचा रस्सा येतो, आणि गुदेगही कित्येकदा कोंबडीबरोबरच शिजवलेला असतो. म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), तोफू आणि गादो-गादो (शेंगदाण्याच्या रश्शातल्या भाज्या) सगळीकडे मिळतं. चटणीत आणि शेंगदाण्याच्या रश्शात तेरासी, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा लगदा, असू शकतो. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, असं सांगा. मुलीसाठी थेपले आणि मेतकूट-भात सोबत असलेला बरा.

राहायला शहरातल्या तुगू रेल्वे स्टेशनच्या आसपास बघा. विमानतळावरून तिथे थेट रेल्वे येते, पाऊण तासाच्या आत पोचवते, आणि मालिओबोरो पायी जाण्यासारखा आहे. देवळांसाठी ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी ठरवा.

सोमवारी बोरोबुदूर चढायला सहसा बंद असतं आणि क्रातोनही बंद असतो. तुमच्या तीन दिवसांत सोमवार येत असेल तर त्या दिवशी प्रंबानन उघडं आहे का आणि नृत्यनाट्याचा खेळ आहे का ते बघून मगच दिवस ठरवा. बोरोबुदूरची वेळ आणि सिंगापूर-योग्याकार्ता तिकीट या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय बालीच्या हॉटेलचे पैसे भरू नका.