वाचकांचे प्रश्न : उंच केलेल्या फोर-बाय-फोरसाठी हेल्पर एअरबॅग

प्रश्न : आमची संत्र्याची बाग वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. पावसाळ्यात पांधणीतून बागेपर्यंत जाता यावे म्हणून मी माझ्या जुन्या फोर-बाय-फोर फॉर्च्युनरला गाडी उंच करणारे दोन इंचांचे लिफ्ट किट बसवले. रिकामी गाडी छान उभी राहते. परंतु मागची आसने दुमडून फवारणीच्या पाण्याचा ड्रम आणि खताच्या गोण्या ठेवल्या की मागची बाजू दबते आणि रात्री समोरचे लोक दिव्यांची तक्रार करतात. मागच्या स्प्रिंगमध्ये बसणारी आणि तिला भार पेलायला मदत करणारी हवेची पिशवी, म्हणजे हेल्पर एअरबॅग घ्यावी, असे मित्र सुचवतात. ती कशी निवडावी आणि कोठून मागवावी? — एक संत्रा उत्पादक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : एअरबॅग गाडीची मागची बाजू पुन्हा समतल करते, पण गाडीची भार वाहण्याची क्षमता एका किलोनेही वाढवत नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, रिम आणि टायर पूर्वीचेच राहतात. म्हणून खरेदीपूर्वी वजनाचा हिशेब मांडावा. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे पाण्याचेच २०० किलो. युरियाची गोणी ४५ किलोची, तेव्हा चार गोण्यांचे १८० किलो. चार माणसांचे सरासरी ७० किलोंप्रमाणे २८० किलो. एकूण ६६० किलो झाले. सात आसनांची गाडी सात माणसे आणि थोडे सामान या हिशेबाने बनवलेली असते, आणि सात माणसांचे वजन ४९० किलोंच्या आसपास भरते. गाडीच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून आपली मर्यादा काढावी. भार त्या मर्यादेबाहेर जात असेल, तर पाणी बागेतच भरणे हाच उपाय आहे. कोणतीही एअरबॅग त्याला पर्याय ठरू शकत नाही.

दुसरी गोष्ट लिफ्ट किटसंबंधी आहे. किट देताना दुकानदाराने मागच्या स्प्रिंग कोणत्या भारासाठीच्या आहेत, हे सांगितले होते का? एकाच उंचीच्या लिफ्ट स्प्रिंग हलक्या, मध्यम आणि जड अशा वेगवेगळ्या भारांसाठी मिळतात. आपली गाडी वर्षभर भरलेलीच धावत असेल, तर जड भाराच्या स्प्रिंग घालणे अधिक सरळ आणि टिकाऊ ठरेल. आठवड्यातून दोन दिवस भार आणि बाकीचे दिवस घरची माणसे, असा वापर असेल तर मात्र एअरबॅग योग्य आहे, कारण भारानुसार तिच्यातील हवा कमीजास्त करता येते.

फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग असून शॉक अॅब्सॉर्बर तिच्या बाहेर वेगळा आहे; त्यामुळे स्प्रिंगच्या पोकळीत नळकांड्याच्या आकाराची पॉलियुरेथेनची एअरबॅग बसते. ज्या गाड्यांत शॉक स्प्रिंगच्या आतूनच जातो, तेथे हा प्रकार बसवता येत नाही, हे इतर वाचकांनीही ध्यानात घ्यावे.

उंच केलेल्या गाडीच्या बाबतीत खरी चूक येथून पुढे होते. विक्रेता गाडीचे नाव विचारतो आणि मूळ उंचीच्या गाडीचा संच हाती ठेवतो. आपल्या गाडीत लांब स्प्रिंग घातल्या असतील, तर स्प्रिंग जेथे टेकते त्या वरच्या आणि खालच्या बैठकीमधले अंतर जवळजवळ दोन इंचांनी, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरने वाढलेले असते. मूळ मापाची आखूड एअरबॅग त्या पोकळीत वरखाली सरकत राहते, तिच्या कडा स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकतात आणि घासून ती फाटते. उलट, अंदाजाने जास्त लांब घेतली तर खड्ड्यात स्प्रिंग दबताच ती दुमडते आणि त्या घडीवरच चिरते. म्हणून गाडीच्या नावावरून नव्हे, तर मापावरून खरेदी करावी.

मापे अशी घ्यावीत. गाडी सपाट फरशीवर, नेहमीच्या भारासह उभी करून स्प्रिंगच्या वरच्या बैठकीपासून खालच्या बैठकीपर्यंतचे अंतर मोजावे. नंतर बम्प स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का अडवणारा रबरी ठोकळा) आणि तो जेथे टेकतो ती जागा यांतील अंतर मोजून पहिल्या मापातून वजा करावे. एअरबॅगला जास्तीत जास्त किती दबावे लागेल, हे त्यावरून कळते. समजा पहिले माप ३०० मिलिमीटर आणि दुसरे ९० असेल, तर एअरबॅग २१० मिलिमीटरपर्यंत दबूनही तिला इजा होता कामा नये. त्यानंतर चासी जॅकवर उचलून चाक पूर्ण लोंबकळू द्यावे आणि बैठकींतील अंतर पुन्हा घ्यावे. स्प्रिंगचा आतील व्यास वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजावा, कारण काही स्प्रिंग टोकांशी निमुळत्या असतात. लिफ्टसाठी लांब स्प्रिंगऐवजी वरून पॅकिंग घातले असेल तर तेही विक्रेत्याला सांगावे. त्या पॅकिंगला मधोमध किती मोठे छिद्र आहे, यावर एअरबॅगचे वरचे टोक आणि हवेची नळी अवलंबून असते.

मिळण्याच्या दृष्टीने आपण सुदैवी आहात. फॉर्च्युनर ऑस्ट्रेलियातही विकली जाते, आणि तेथील एअरबॅग मॅन व पॉलीएअर ही नावे उंच केलेल्या गाड्यांसाठीचे संच स्वतंत्र क्रमांकाने विकतात. अमेरिकेच्या फायरस्टोनचे कॉइल-राइट आणि एअर लिफ्टचा १००० हा संचही याच प्रकारचा आहे. बाहेरून मागवताना मालाच्या किमतीवर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, म्हणून पार्सल सोडवून घेण्यापर्यंतचा पूर्ण खर्च लेखी विचारावा. दिल्लीच्या करोल बागेतले किंवा पुण्यातले फोर-बाय-फोरचे दुकानदार असा माल मागवून देतात. पैसे पाठवण्यापूर्वी त्यांच्याकडून संचाचा क्रमांक, मोकळ्या व दबलेल्या स्थितीतील उंची आणि कमाल दाब मागून घ्यावा. हे आकडे जो देऊ शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

एक बारीक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ती पुढे फार त्रास देते. अमेरिकी संचांतली नळी बहुधा पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची असते. ती उंदराने कुरतडली तर हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीला माल पुरवणाऱ्या न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) साहित्याच्या दुकानांत ६ मिलिमीटरची नळी सहज मिळते, आणि दिसायला ती तशीच असते; पण पाव इंचाच्या जोडात ती घट्ट बसत नाही आणि हवा हळूहळू निघून जाते. म्हणून मूळ संचाबरोबरच दोन मीटर जादा नळी आणि जोडांची एक जोडी मागवून ठेवावी.

डाव्या आणि उजव्या एअरबॅगच्या नळ्या टी-जोडाने एकत्र करू नयेत. एकत्र केल्यास वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि आधीच उंच झालेली गाडी अधिक कलते. दोन्ही बाजूंना वेगळे व्हॉल्व्ह ठेवावेत.

प्रश्न : आम्ही गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूला आरोग्य शिबिरांसाठी इसुझू व्ही-क्रॉस वापरतो. मागच्या एक्सलवर ब्लॉक टाकून ती उंच केली आहे. जनरेटर आणि औषधांच्या पेट्या हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला असतात. गॅरेजवाले कमानीला दोन पाटे वाढवायला सांगतात; आमच्यातील काही जणांना एअरबॅग हवी आहे. — शिबिराचे एक कार्यकर्ते, जि. गडचिरोली

उत्तर : आपल्या गाडीला मागे कमानपाटे असल्यामुळे वर सांगितलेला प्रकार चालणार नाही. येथे चासी आणि एक्सल यांच्यामध्ये रबरी बेलो, म्हणजे हवा भरायची जाड रबरी उशी, बसवतात, आणि प्रश्न केवळ कोणता बेलो घ्यावा एवढाच उरत नाही.

कमानपाटा आपला भार पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांतून चासीवर टाकतो. बेलो तोच भार एक्सलच्या बरोबर वर, चासीच्या एकाच जागी ढकलतो. आता जनरेटर एक्सलच्या बराच मागे ठेवला आणि गाडी नाल्यातून आदळत गेली, तर खालून बेलो वर रेटतो आणि मागचे टोक भाराने खाली ओढते. चासी बेलोच्या वर वाकते किंवा तिला तडा जातो. ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपच्या बाबतीत हे पुष्कळ पाहायला मिळाले आहे. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की, आपण प्रथम जनरेटर हौद्याच्या पुढच्या भिंतीला, केबिनला टेकून बांधावा आणि हलक्या पेट्या मागे न्याव्यात. यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि कदाचित गाडी दबण्याची अर्धी तक्रार तेवढ्यानेच मिटेल.

त्यानंतरही गाडी दबत असेल आणि जनरेटर कायम गाडीतच राहत असेल, तर गॅरेजवाल्यांचा सल्ला योग्य आहे. मात्र दोन पाटे एकदम न वाढवता एक वाढवून पाहावा, नाहीतर रिकाम्या गाडीत रुग्णाला नेणे त्रासाचे होईल. भार सारखा बदलत असेल तर बेलो घ्यावा, पण कमी दाबाने वापरावा. बेलो १०० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे टायरच्या हवेसाठी वापरतात तेच दाबाचे माप) दाब सोसत असला, तरी चासीनेही तेवढा भार सोसावा अशी अपेक्षा धरू नये. एक्सलवरचा ब्लॉक जितक्या उंचीचा आहे, तितक्याच उंचीचा आधार बेलोच्या कंसाखाली हवा. चाक पूर्ण लोंबकळल्यावर शॉक अॅब्सॉर्बर आधी अडला पाहिजे आणि बेलोला तेव्हाही ताणायला थोडी जागा उरली पाहिजे. शॉक लांब घातला असेल तर हे न चुकता तपासावे, कारण बेलो दोन्ही टोकांना पक्का बांधलेला असल्याने शॉकचे काम त्याच्यावर आले की तो कड्यातून निसटतो.

शिवाय गाडीच्या मागच्या एक्सलपासून चासीवरील ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत एखादी दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली आहे का, हे खाली वाकून पाहावे. काही पिकअप गाड्यांत हा व्हॉल्व्ह मागची बाजू किती दबली यावरून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. बेलोने मागची बाजू उचलून धरली की गाडी रिकामी आहे असे त्याला वाटते, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. ब्लॉक टाकल्यानेही हेच घडते. असा व्हॉल्व्ह असल्यास त्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. आपल्या गाडीत रुग्ण असतात.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, तेव्हा वाटेत बेलो फुटला तर काय, ही आपली काळजी मी समजू शकतो. येथे हेल्परचा एक मोठा गुण उपयोगी पडतो : मूळ पाटे जागेवर असतात, त्यामुळे गाडी चालू राहते. एका बाजूची हवा गेली तर दुसऱ्या बाजूचीही किमान दाबापर्यंत सोडावी, भार कमी करावा आणि सावकाश यावे.

प्रश्न : आमच्या गावातील मिस्त्री भंगारातल्या बसचे एअर बेलो जीपला बसवून देतो म्हणतो. स्वस्तात काम होईल का? — एक वाचक, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : करू नये. बेलो जो भार उचलतो, तो हवेचा दाब गुणिले बेलोचे क्षेत्रफळ एवढा असतो. प्रत्यक्ष भार पेलणारा व्यास सहा इंच असलेला बेलो ५० पीएसआयला सुमारे ६४० किलो उचलतो. बारा इंच व्यासाच्या बेलोला तेवढ्याच भारासाठी साडेबारा पीएसआय पुरतात, आणि इतक्या कमी दाबावर तो ढिला राहून दुमडतो, चाकाला किंवा चासीला घासतो. दाब वाढवावा तर जीपचे बूड उचलले जाते. त्यात भंगारातल्या रबराचे वय कोणालाही ठाऊक नसते. तूर कापलेल्या वावरातून जाताना धसकटे टायर फोडतात. जुन्या बेलोचा त्यांच्यापुढे निभाव लागणार नाही.

प्रश्न : एअरबॅग बसवल्यास आरटीओची अडचण येते का? आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात हवा किती ठेवावी? — एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. असा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एअरबॅग स्प्रिंगच्या आत दडलेली असते. अधिकाऱ्याच्या आणि विमा कंपनीच्या नजरेत भरते ती गाडीची वाढवलेली उंची. म्हणून लिफ्ट करण्याआधीच आपल्या आरटीओ कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. मालवाहू गाडी जादा भारासह सापडल्यास कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तेथे एअरबॅगमुळे गाडी समतल दिसत होती, ही सबब चालत नाही, कारण वजनकाटा खरे वजन दाखवतो.

हवेविषयी : गाडी रिकामी असतानाही ५ पीएसआयच्या खाली जाऊ नये, नाहीतर एअरबॅगला घडी पडते. कॉइलमधल्या प्रकाराची कमाल मर्यादा बहुधा ३५ पीएसआय असते. मे महिन्यात पहाटे २८ अंशांना ३२ पीएसआय भरले आणि दुपारच्या रस्त्यावर एअरबॅग ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब ३७ पर्यंत चढतो, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते. म्हणून उन्हाळ्यात २८ पीएसआयच्या वर भरू नये. सायलेन्सरच्या नळीपासून एअरबॅग आणि नळी दोन्ही किमान सहा इंच दूर हवीत. पंक्चरवाल्याच्या मोठ्या कॉम्प्रेसरने हवा भरू नये. एअरबॅगमध्ये हवा फार थोडी मावते आणि क्षणात मर्यादा ओलांडली जाते, तेव्हा हातपंप बरा. दाब मोजतानाही दरवेळी थोडी हवा निघून जाते, ती भरून काढावी. पावसाळ्यानंतर स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकलेली काळी माती पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावी, कारण ती वाळून कडक झाली की एअरबॅगला घासते. आणि त्याच वेळी सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.